सदरहू वेल

बंडूजी झाडे यांचं आडनाव झाडे असलं, तरी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत त्यांनी स्वतःच्या हातानं एकही झाड लावलेलं नव्हतं. तशी गरजही पडली नव्हती. वर्ध्यातल्या एका सरकारी खात्यात ते आवक-जावक कारकून होते. (खात्याचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथंच आहेत आणि त्यांना वाचता येतं.) जो कागद येईल त्यावर नंबर टाकायचा, शिक्का मारायचा, पुढे ढकलायचा. सत्तावीस वर्षं हेच. त्यांचा शिक्का कधी वाकडा पडला नाही आणि कागदावरचा एक शब्द त्यांनी कधी चुकीचा वाचला नाही, एवढी एकच गोष्ट त्यांना अभिमानानं सांगता येण्याजोगी होती. आणि ती सांगावी असं कोणी विचारत नव्हतं.

नालवाडीच्या अंगाला खात्याची चार क्वार्टरं होती, त्यातलं तिसरं बंडूजींचं. एकुलती मुलगी कांता लग्न होऊन अमरावतीकडे गेली, तेव्हापासून घरात बंडूजी आणि देवकाबाई असे दोघंच. पलीकडे कापसातली सरकी काढायचं जीन होतं. हंगाम सुरू झाला की वाऱ्याबरोबर सरकीचा वास यायचा तो थेट देवकाबाईंच्या अंगणात बस्तान मांडायचा. असाच एक पूर्ण हंगाम नाकाला पदर लावून काढल्यावर, पंचावन्न सालच्या जेठात, देवकाबाई भाकरीचं ताट पुढे सरकवत म्हणाल्या, "अजी, एक चमेलीची वेल लावता का आंगनात?"

बंडूजींचा घास हातातच राहिला. तीस वर्षांच्या संसारात या बाईनं स्वतःसाठी काही मागितल्याचं त्यांना आठवेना. "चमेली? काऊन?"

"संध्याकाळी बसावं त बरं वाटन. बाकी काई नाई."

त्या 'बाकी काई नाई'नं बंडूजींना अपराधी वाटलं. वेल म्हणजे काय, मातीत काडी खोचायची, दोन तांबे पाणी घालायचं. एका रविवारचं काम. असं त्यांना वाटलं, यात त्यांचा दोष नाही. वेल न लावलेल्या प्रत्येक माणसाला असंच वाटतं.

रोप मिळालं सिंदी मेघ्याला, देवकाबाईंचे भाऊ लहानूजी यांच्याकडे. लहानूजींनी डालड्याच्या डब्यात चांगलं दीड हात उंचीचं रोप लावून ठेवलं होतं. बंडूजींनी डबा सायकलच्या हँडलला अडकवला आणि निघाले. वाटेत सायकल पंक्चर झाली. दुकानदारानं चाक उतरवलं, बंडूजींनी डबा बाकाशी ठेवला आणि ते बाकावर टेकले. दमलेल्या माणसाचा सावलीत डोळा लागतो, तेवढाच त्यांचा लागला. उघडला तेव्हा एक बकरी डब्यात तोंड घालून मन लावून जेवत होती.

"अबे, हकल ना तिले!" बंडूजी ओरडले.

"मले वाटलं तिच्यासाठीच आनलं तुमी," दुकानदार म्हणाला.

घरी पोचली ती एक काडी आणि दोन पानं. देवकाबाईंनी डबा हातात घेतला, काडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "जगन." हे काडीबद्दल होतं की नवऱ्याबद्दल, ते बंडूजींना कळलं नाही.

खड्डा खणायला त्यांनी कुदळ उचलली मात्र, दोन्ही बाजूंची कुंपणं बोलायला लागली. डावीकडे नानाजी गुरुजी राहत. शाळेतून निवृत्त होऊन मुलाच्या क्वार्टरात राहायला आलेले. शिकवायला आता कोणी उरलं नव्हतं म्हणून दिसेल त्याला शिकवत, आणि शिकवताना शुद्ध बोलत. उजवीकडे मनकर्णाबाई, ज्यांना शिकवण्याची गुरुजींचीही छाती नव्हती.

"बंडूजी, ही चमेली नव्हे. ही जाई," गुरुजी कुंपणावरून म्हणाले.

"जाई कशाची! जुई व्हय ते," मनकर्णाबाई दुसऱ्या कुंपणावरून म्हणाल्या. "माह्या माहेरी अख्खं कुंपन होतं जुईचं. पान पाह्यलं का कसं हाय?"

पानं एकूण दोन होती आणि त्यातलं एक बकरीनं अर्धं खाल्लेलं होतं. तरी त्यावर अर्धा तास चर्चा झाली. जाई आणि चमेली एकच, असं मी पुढे एका जाणत्या माळ्याकडून ऐकलं. पण ते त्या दिवशी तिथं सांगून काही उपयोग झाला नसता, फक्त तिसरा पक्ष निघाला असता. बंडूजी उन्हात कुदळीवर हात टेकून उभे होते. शेवटी देवकाबाई म्हणाल्या, "फुलल्यावर पाहू ना काय व्हय ते," आणि काडी मातीत गेली.

फुलल्यावर पाहू. हे दोन शब्द पुढे तीन वर्षं पुरले.

वेल जगली, एवढंच नाही तर सुटली. गुरुजींनी ढेपेचं, म्हणजे सरकीच्या पेंडीचं, पाणी सांगितलं. ढेप भिजवून तीन दिवस झाकून ठेवायची आणि ते पाणी मुळाशी घालायचं. बंडूजींनी झाकण उघडलं त्या दिवशी अंगणातला सरकीचा वास पहिल्यांदाच नाहीसा झाला, कारण त्याला तिथं उभं राहवेना. मनकर्णाबाईंनी ताक सांगितलं. "आठ दिवसातून एक लोटा. मंग पाहा कशी कळ्यानं लदते!" ताकानं मुंगळे आले. मुंगळे घालवायला गुरुजींनी राख सांगितली, राखेवर मनकर्णाबाईंनी शेणकाला सांगितला. बंडूजी रोज सकाळी नळावरून चार बादल्या ओढत. त्यांची कंबर धरली, गुडघा कुरकुरायला लागला, आणि ऑफिसला पोचेस्तोवर दिवसभराची ताकद संपलेली असे. वेलीनं मात्र पानांवर पानं काढली. काळीभोर, तळहाताएवढी दाट पालवी. कळी एकही नाही.

वर चढायला आधार हवा म्हणून दिवाळीत बंडूजींनी भिंतीत दोन खिळे ठोकून सुतळी बांधली. दोनच खिळे. ते मोजून सांगायचं कारण असं की पुढे हे खिळे सरकारदरबारी गाजले.

वर्षातून एकदा क्वार्टरना चुना लागे. त्याआधी ओव्हरसियर ओमप्रकाशजी वही घेऊन भिंती पाहून जात. ते जबलपूरकडचे, भला माणूस. पण वहीत ओळ रिकामी राहिली की त्यांना करमत नसे. त्यांनी खिळे पाहिले.

"झाडेजी, ये कीलें किसने ठोकीं?"

"मीच, साहेब. वेलीसाठी."

"परमिशन?"

"दोन खिळ्याची?"

"एक की भी लगती है," असं म्हणून ओमप्रकाशजींनी लिहून घेतलं. पंधरवड्यात नोटीस आली. ती आवक म्हणून बंडूजींच्याच टेबलावर आली. त्यांनी तिच्यावर नंबर टाकला, शिक्का मारला आणि स्वतःच्या नावानं पुढे ढकलली.

खरं तर खिळे उपटले असते तर तिथंच संपलं असतं. देवकाबाईंनी तसं सुचवलंही. पण बंडूजींचा मान दुखावला होता. सत्तावीस वर्षं इमानानं शिक्के मारणाऱ्या माणसाला दोन खिळे माफ नसावेत? त्यांनी रीतसर अर्ज केला: 'सदरहू वेलीस आधार देण्याकामी दोन खिळे ठेवण्याची परवानगी मिळावी.' वेल 'सदरहू' झाली ती इथं. एकदा माणूस किंवा वस्तू सदरहू झाली की तिचं पुढे काही सोपं राहत नाही.

वरून विचारणा आली, वेल हे झाड समजावे की पीक? झाड असल्यास तोडण्याचा अधिकार खात्याचा. पीक असल्यास सरकारी जागेत शेती करणे नियमाबाहेर. बंडूजींनी चार दिवस डोकं खाजवून उत्तर लिहिलं, की दोन्ही नव्हे, ही वेल आहे. त्यावर विचारणा आली, मग ती बांधकामात मोडते काय? असल्यास नकाशा तीन प्रतींत जोडावा. बंडूजींनी पट्टी घेऊन वेलीचा नकाशा काढला. तिसरी प्रत होईपर्यंत वेल पहिल्या प्रतीपेक्षा हातभर पुढे गेली होती. मग त्यांनी खाली टीप लिहिली, 'मापे दिनांक १४ रोजीची समजावीत.' नकाशा नागपूरला गेला.

तो नागपूरला असतानाच छप्पन सालचा नोव्हेंबर उजाडला आणि वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला. वेल जागची हलली नाही, बंडूजीही हलले नाहीत, पण फाइल हलली. ती मुंबईला गेली म्हणतात. सात महिने तिचा पत्ता नव्हता. मग एक पत्र आलं की, प्रस्तुत खिळे जुन्या राज्यात ठोकलेले असल्याने त्याबाबत नव्या राज्यात निर्णय घेता येतो काय, याचा खुलासा करावा.

"काय म्हन्ते सरकार?" देवकाबाईंनी विचारलं.

"तेच मले इचारून राह्यलं," बंडूजी म्हणाले, आणि उपरणं तोंडावर ओढून दिवेलागणीलाच आडवे झाले.

इकडे वेलीचं ओझं सुतळीला पेलेना. म्हणून बंडूजींनी बांबूचा मांडव घातला. त्याखाली गारवा पडे. गुरुजी रोज दुपारी आपली आरामखुर्ची उचलून तिथं येऊन वर्तमानपत्र वाचू लागले. ढेप त्यांनी सांगितली असल्यामुळे सावलीवर आपला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. एका रविवारी ते बंडूजींना समजावत होते, "पर्णसंभार हे निरोगीपणाचे लक्षण होय. पुष्पे यथावकाश..." आणि कर्र असा आवाज होऊन अख्खा मांडव, पर्णसंभारासकट, गुरुजींवर बसला.

"अबे मेलो ना बे!" पाल्याखालून आवाज आला. "काहाडा ना मले! काय पाहून राह्यले बह्याडावानी!"

नालवाडीनं गुरुजींच्या तोंडून पहिल्यांदाच वऱ्हाडी ऐकली. पाय मुरगळला होता. पुढचा महिनाभर बंडूजी रोज ऑफिस सुटल्यावर त्यांच्या पायाची चौकशी करायला जात आणि रोज नव्यानं माफी मागत. गुरुजी ती रोज नव्यानं राखून ठेवत.

मांडव पुन्हा उभा राहिला तर मनकर्णाबाईंनी कुंपणाशी येऊन आवाज दिला. "देवकाबाई, आता त काढाच ते झिपरं. चमेलीच्या वासानं नाग येते."

"फूलच नाई, वास नाई, मंग नाग कायले येईन, बाई?"

"वाट पाहत बसला असन ना आत!"

हे बोलणं दोन दिवसांत चारही क्वार्टरांत फिरलं आणि तिसऱ्या दिवशी 'वेल काढून टाकावी' अशा अर्जात गेलं. अर्जावर चार सह्या होत्या. पहिली गुरुजींची, वळणदार. मनकर्णाबाईंचा अंगठा. हा अर्जही आवकमधूनच गेला. बंडूजींनी तो वाचला, नंबर टाकला, शिक्का मारला. शिक्का सरळ पडला. त्यांना स्वतःचाच राग आला.

अठ्ठावन्न सालच्या माघात आदेश निघाला: 'सदरहू वेल समूळ छाटून टाकावी, खिळे काढून भिंत पूर्ववत करावी व तसा अहवाल सात दिवसांत सादर करावा.'

बंडूजी कागद घेऊन घरी आले. देवकाबाई अंगणात वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. बंडूजींनी आदेश वाचून दाखवला. देवकाबाईंचा हात थांबला नाही.

"राह्यलं मंग," त्या म्हणाल्या. "आपन काई कमी नाई केलं. तुमची कंबर त गेली."

एवढंच. त्या रडल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर बंडूजींना सोपं झालं असतं. त्या शेंगा सोलत राहिल्या आणि दाण्यांऐवजी सालं भांड्यात टाकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याचा खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा गडी, पुनाजी कोयता घेऊन आला. पुनाजी कारंजा घाडग्याकडच्या एका गोंडी टोल्यावरचा, छोट्या वस्तीवरचा. उमर साठीला आलेली, घरी गोंडी बोलायचा, बाहेर मोजकं वऱ्हाडी. रानातल्या कामात जन्म गेलेला. त्यानं वेलीभोवती एक चक्कर मारली, पाला बाजूला सारून बुंधा पाहिला, जुनी फांदी नखानं खरवडली.

"किती वर्सं झाली हिले, बाई?"

"अडीच होऊन गेले."

"अन् छाटली कधी?"

देवकाबाईंनी बंडूजींकडे पाहिलं. बंडूजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्ही कुंपणांवर माणसं होती, पण यावर कोणाकडे सल्ला दिसला नाही.

"छाटायची असते?" बंडूजी म्हणाले.

पुनाजी हसला नाही, हे त्याचे उपकार. "पानी किती देता?"

"चार बादल्या. रोज. अन् ढेप, ताक, शेणकाला..."

"थंडीतबी?"

"थंडीतबी."

"मंग ते फुलंन कायले?" पुनाजी म्हणाला. "बसल्या जागी इतकं खायले भेटते त पानं काढत बसते. माघात पानी तोडा लागते, गुडघ्याइतकी छाटा लागते. मंग नव्या फुटव्याले कळी धरते. जुन्याले नाई धरत." त्यानं खिशातून आदेश काढला. "पर आता ते बोलून काय. साहेबानं कागद देल्ला. माही नजर गेली, तुमीच वाचा काय लिवलं ते. जसं लिवलं तसं करतो."

बंडूजींनी कागद घेतला. चष्मा चढवला. आपल्याच हातचा नंबर, आपलाच शिक्का. त्यांनी घसा साफ केला. 'सदरहू वेल,' ते वाचू लागले, आणि थांबले. दारात देवकाबाई उभ्या होत्या. त्यांच्याकडे न पाहता बंडूजी पुढे वाचू लागले, "छाटून टाकावी. खिळे काढून भिंत पूर्ववत करावी."

त्यांना दरदरून घाम फुटला. माघाची सकाळ होती.

"तोंडी त साहेब मुळापासून म्हन्त होते," पुनाजी म्हणाला.

बंडूजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"पर कागदावर नाई ना?"

"मी... मी वाचलं तसं."

"मंग झालं," पुनाजीनं बाही वर केली. "तोंडी बोलन्यापरीस कागद मोठा. व्हा बाजूले."

त्यानं वेल गुडघ्याइतकी छाटली. फांद्यांचा ढीग बाहेर टाकला. खिळे काढले, भोकांत चुना भरला. मग कोणी न सांगता मांडवाच्या जागी, भिंतीपासून दोन हात सोडून, चार लाकडी बल्ल्या पुरल्या आणि म्हणाला, "महिनाभर पानी देजो नको. काई देजो नको. आठवन आली तरी देजो नको." देवकाबाईंनी त्याला चहा दिला. तो त्यानं उभ्यानंच घेतला आणि गेला.

त्या दुपारी बंडूजींना वरण-भात गेला नाही. संध्याकाळी त्यांनी अहवाल लिहिला: 'आदेशान्वये सदरहू वेल छाटण्यात आली असून भिंत पूर्ववत करण्यात आली आहे.' पाच वेळा वाचला. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं आणि तरी सही करण्याआधी त्यांनी दाराला कडी घातली. पुढचे दोन महिने ऑफिसात कोणी नुसतं 'झाडेजी' म्हटलं तरी ते दचकून उठून उभे राहत. बोलावणं मात्र प्रत्येक वेळी चुन्याच्या डब्यांच्या यादीसाठीच असे.

चैत्रात ओमप्रकाशजी वही घेऊन आले. बुंध्याला तोवर वीत-वीत कोंब फुटले होते. ते वाकून बघत राहिले.

"झाडेजी, ये तो कट गयी थी ना? मेरे पास रिपोर्ट है."

"कटली साहेब. मंग फुटली."

ओमप्रकाशजींनी वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली आणि बराच वेळ तशीच धरली. तेही चोपन्न वर्षांचे होते. बदलीचा अर्ज दोन राज्यांत फिरून हरवला होता. "फूटने के बारे में ऑर्डर में कुछ लिखा है?"

"नाई साहेब. काई नाई."

"कील?"

"एकही नाई."

"तो रहने दो," त्यांनी वही मिटली. "मैं नयी फाइल नहीं खोलता, भाई. बस हो गया."

बंडूजींनी त्यांना बसायला खुर्ची दिली. दोघंही काही वेळ त्या कोंबांकडे पाहत बसून राहिले. ओव्हरसियर आणि कारकून यांच्यात इतका समजूतदारपणा त्या क्वार्टरांनी पूर्वी पाहिला नव्हता.

जेठात वर्ध्याचं ऊन कसं असतं ते सांगत नाही. ऑफिसच्या खिडक्यांना खसच्या टट्ट्या, म्हणजे वाळ्याचे पडदे, लागले होते आणि दिवसभर त्यांच्यावर पाणी मारलं जाई. बंडूजींचं टेबल नेमकं पडद्याशी. बाहेर अंग भाजणारी लू आणि पाठीवर गार पाझर. त्यांना असं पडसं झालं की नाक डोक्यासकट बंद. पाचव्या दिवशी सायकल हातात धरून, पाय ओढत ते घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि त्यांच्या अंगणात माणसं उभी होती.

आता काय झालं, असं म्हणून ते कुंपणाशीच थबकले. नवी नोटीस, नवा अर्ज, नाही तर खरोखरच नाग. पण गुरुजी काठी टेकून मान वर करून उभे होते आणि मनकर्णाबाई डोळे मिटून.

"जाईच," गुरुजी म्हणाले, पण हळू.

"असन जाई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

नव्या कोवळ्या फुटव्यांवर पांढरी फुलं उमलत होती, पंधरा-वीसच असतील. पाकळ्यांच्या पाठीला गुलाबी छटा. बाकी कळ्या पुढच्या दिवसांसाठी दबून बसलेल्या. माणसं हळूहळू आपापल्या घरी गेली. बंडूजी बाजेवर टेकले. देवकाबाई एक फूल तळहातावर ठेवून जवळ आल्या. केस नुकतेच विंचरलेले होते.

"पाहा ना, किती सुटलाय वास. रस्त्यापावतो जाऊन राह्यला. येते का तुमाले?"

बंडूजींनी फूल नाकाला लावलं. ओढता येईल तेवढा श्वास ओढला. काहीही नाही. अडीच वर्षं चार-चार बादल्या, ढेप, ताक, तीन प्रती, दोन राज्यं, आणि नाकात नुसता गोठलेला डिंक. त्यांनी देवकाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"येते ना," ते म्हणाले. "लय येते."

आणि लागलीच त्यांना तीन शिंका आल्या.

देवकाबाई हसू लागल्या. कांता गेल्यापासून त्या घरात असं हसणं झालं नव्हतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, फूल परत घेतलं आणि आपल्या केसांत खोचलं.

"खोटं बोलून राह्यले तुमी," त्या म्हणाल्या. "पडा जरा वेळ. ओव्याची धुरी देतो. पडसं गेलं का मंग घ्या वास. उद्याबी फुलते ते."

बंडूजींनी टोपी काढून उशाशी ठेवली आणि बूट न काढताच बाजेवर आडवे झाले.